हवी तेवढीच हवा: डस्ट कलेक्टरच्या विजेचा प्रश्न आज कुठे आहे

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्यातल्या मध्यम कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबतात, पण शेडमागचा डस्ट कलेक्टरचा ब्लोअर बहुधा थांबत नाही. दहा ग्राइंडरपैकी चार चालू असोत की एकही नसो, तो पहिल्या शिफ्टपासून शेवटच्या शिफ्टपर्यंत एकाच वेगाने हवा ओढत राहतो. जे मशीन चालू आहे त्याच्याच हूडमधून हवा ओढावी, बाकीच्या फांद्या झडपेने बंद कराव्यात आणि ब्लोअरचा वेग त्या बेताने कमी-जास्त करावा, हा विचार आता नवा नाही. झडपा मिळतात, ड्राइव्ह मिळतात, त्यांना जोडणारे कंट्रोलरही मिळतात. तरीही जाणकारांत एकमत नाही. निम्म्याहून जास्त वीज वाचते असं एक जण सांगतो, तर दुसरा बजावतो की डक्ट चोक होईल आणि एखाद्या दिवशी आग लागेल. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि त्यामुळेच आढाव्याची गरज पडते.

धुळीच्या जाती

छत्रपती संभाजीनगरच्या उद्योगांत धूळ एका जातीची नाही. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुट्या भागांची मोठी साखळी उभी राहिली. अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगचं फेटलिंग आणि बफिंग, शॉट ब्लास्टिंग, गिअर आणि शाफ्टचं ग्राइंडिंग ही त्या साखळीतली रोजची कामं. फाउंड्रीत वाळूची धूळ असते, औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची भुकटी, पॅकिंगच्या खोक्यांच्या कामात लाकडाचा भुसा. शेजारच्या जालन्यात स्टीलच्या भट्ट्यांचा धूर आहे आणि बियाणं प्रक्रियेची हंगामी धूळही आहे.

ही यादी देण्याचं कारण एवढंच, की ‘डस्ट कलेक्टरमध्ये किती वीज वाचते’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. बफिंग शॉपमध्ये एका वेळी निम्मे स्टँड रिकामे असू शकतात. कन्व्हेयरवर चालणाऱ्या शॉट ब्लास्टिंग मशीनला मात्र लोड असतो तोवर अखंड सक्शन लागतं, तिथे मागणीप्रमाणे हवा देण्याला फारसा अर्थ उरत नाही. जालन्याच्या इंडक्शन भट्टीत मागणी मशीनप्रमाणे बदलत नाही, टप्प्याप्रमाणे बदलते. भंगार टाकताना धूर उसळतो आणि वितळणीच्या मधल्या काळात तो बराच कमी असतो. भट्टीच्या टप्प्यावर ब्लोअरचा वेग बांधणं ही याच विचाराची एक शाखा आहे, आणि माझ्या मते या भागातली सगळ्यात स्वच्छ शाखा. कारण तिथे एकच हूड असतं आणि भट्टी कोणत्या टप्प्यावर आहे हे सगळ्यांना दिसत असतं.

आजची व्यवस्था कशी घडली

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ ने धूळ उगमाच्या शक्य तितक्या जवळ ओढून घ्यावी आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी, असं मालकावर बंधन घातलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली. बंधनाचा गाभा मात्र तोच आहे. दुसरीकडे १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र आलं. तिथे चिमणीतून काय बाहेर पडतं ते पाहिलं जातं. पर्यावरण संरक्षण नियमांतली धूलिकणांची सर्वसाधारण मर्यादा घनमीटरमागे १५० मिलिग्रॅम आहे. शेडमधल्या कामगाराच्या श्वासाची काळजी एका खात्याची आणि शेडबाहेरच्या हवेची दुसऱ्या खात्याची, ही विभागणी तेव्हापासूनची. पुढे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये आला आणि छत्रपती संभाजीनगर व जालना ही दोन्ही शहरं त्याच्या यादीत गेली, तेव्हा बाहेरच्या हवेकडे लक्ष आणखी वाढलं.

तांत्रिक बाजूला डक्टिंगची रीत अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने १९५१ पासून छापलेल्या वायुवीजनाच्या मार्गदर्शिकेवरून आली. आपल्याकडचे डक्टिंगचे ठेकेदार ती वाचोत न वाचोत, आकडे तिथलेच वापरतात. त्या रीतीचं गृहीत साधं होतं: सगळी हूड एकाच वेळी उघडी आहेत असं धरा, त्या सगळ्यांना पुरेल अशी हवा काढा, आणि मुख्य डक्टचा व्यास त्यावरून ठरवा. ज्या काळात मोटरचा वेग बदलणं महाग होतं त्या काळात हे शहाणपणाचंच होतं. हवा कमी करायची तर डँपर अर्धा लावत. त्याने हवा कमी होई, वीज त्या मानाने फारशी कमी होत नसे. मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह (व्हीएफडी) स्वस्त झाले तेव्हा हे गृहीत तपासून पाहण्याची वेळ आली.

पंख्याचं गणित, आणि ते कुठे अडतं

मागणीप्रमाणे हवा देण्याच्या बाजूचा सगळ्यात मोठा आधार पंख्याचे नियम आहेत. हवा वेगाच्या पटीत बदलते, दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत आणि वीज वेगाच्या घनाच्या पटीत. वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज ५१ टक्के लागते, ६० टक्क्यांवर आणला तर जेमतेम २२ टक्के. माहितीपत्रकांत झळकणारे ७०-८० टक्के बचतीचे आकडे या शेवटच्या ओळीतून येतात.

समजा एका ब्लोअरची मोटर ४० किलोवॉट ओढते आणि दोन शिफ्टमध्ये वर्षाला ४,८०० तास चालते. म्हणजे १,९२,००० युनिट. युनिटमागे नऊ रुपये धरले तर सव्वासतरा लाखांच्या घरातलं बिल. मशीन सरासरी ६० टक्केच चालत असतील तर घनाच्या नियमाने साडेतेरा लाख वाचायला हवेत.

प्रत्यक्षात ते वाचत नाहीत, कारण डक्टमधली धूळ हवेत तरंगत राहायला हवी. मार्गदर्शिकेप्रमाणे ग्राइंडिंगच्या किंवा फाउंड्रीच्या साधारण धुळीला डक्टमध्ये सेकंदाला सुमारे १८ ते २० मीटर वेग लागतो. जड धुळीला २० ते २३, आणि ओलसर चिकट धुळीला त्याहूनही जास्त. आता जुना मुख्य डक्ट २० मीटरच्या वेगाला बेतलेला आहे आणि १८ च्या खाली जायचं नाही असं ठरवलं, तर हवा फक्त १० टक्के कमी करता येते. घनाचा नियम पूर्ण पाळला गेला असं मानलं तरी बचत २७ टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात ५२ हजार युनिटच्या आसपास, पावणेपाच लाखांच्या आत. कंट्रोलर बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. म्हणून त्यांच्या व्यवस्थेत मुख्य डक्टमधला वेग घसरू लागला की बंद मशीनच्या काही झडपा मुद्दाम उघडल्या जातात. धूळ बसत नाही हे खरं, पण पुन्हा रिकामी हवा ओढली जाते.

यातून बाहेर पडायची वाट म्हणजे मुख्य डक्टच लहान करणं. एका वेळी साधारण ६० टक्के मशीन चालतात हे नोंदीवरून ठरवून व्यास त्याला बेतायचा. मग ६० टक्के हवेवरही वेग टिकतो. दाब साधारण पूर्वीइतकाच राहतो, त्यामुळे वीज घनाने न घटता हवेच्या प्रमाणात घटते. आपल्या उदाहरणात बचत ४० टक्के, ७६,८०० युनिट, सात लाखांच्या जरा खाली. मात्र एखाद्या दिवशी सगळी मशीन लावावी लागली तर त्याच लहान डक्टमधला वेग सेकंदाला ३३ मीटरवर जातो, त्यातला दाबाचा तोटा पावणेतीन पट होतो आणि ब्लोअर पुरा पडत नाही. त्या दिवशी काय करायचं, हे आधी ठरलेलं असावं लागतं. कंट्रोलरने ठरल्यापेक्षा जास्तीचं मशीन सुरूच होऊ देऊ नये, असा एक उपाय आहे. महिनाअखेरीच्या डिस्पॅचच्या गडबडीत उत्पादन विभाग तो किती दिवस ऐकून घेईल, याबद्दल मला शंका आहे.

बचतीचा दुसरा हिस्सा बॅग फिल्टरमध्ये आहे, आणि त्याची चर्चा उगाच कमी होते. हवा कमी झाली की पिशव्यांवरचा दाबफरक घटतो, झडलेली धूळ हॉपरमध्ये नीट खाली बसते आणि पिशव्या जास्त काळ टिकतात. त्या झाडण्यासाठी कॉम्प्रेस्ड एअरचा फटका अजूनही अनेक ठिकाणी टायमरवर मारला जातो, पिशव्या भरलेल्या असोत वा नसोत. तोच दाबफरक बघून मारला तर कॉम्प्रेसरची वीज वाचते. हा मागणीप्रमाणे चालण्याचाच प्रकार आहे. खर्च थोडा, आणि डक्टला हातही लावावा लागत नाही.

सावध राहा म्हणणारे

विरोधातलं म्हणणं दोन ठिकाणांहून येतं. पहिलं कामगाराच्या आरोग्याच्या बाजूने. मशीन सुरू झाल्याचं कंट्रोलरला बहुतेक वेळा मोटरच्या करंटवरून कळतं. झडप उघडायला आणि ब्लोअरने वेग घ्यायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात पहिली धूळ उडून गेलेली असते. मशीन थांबल्यावरही चाकाभोवतीची धूळ काही काळ तरंगत असते, म्हणून झडप लगेच बंद करून चालत नाही. फाउंड्रीत याला जास्त वजन आहे. कारखाने अधिनियमातल्या सूत्राप्रमाणे श्वसनयोग्य धुळीत क्वार्ट्झ ८ टक्के असेल तर मर्यादा घनमीटरमागे १ मिलिग्रॅम आणि १८ टक्के असेल तर अर्धा मिलिग्रॅम. इतक्या बारीक मर्यादेत पहिल्या काही सेकंदांचीही गणती करावी लागते. समर्थकांचं उत्तर असं, की आजच्या ‘सदा चालू’ व्यवस्थेत शेवटच्या टोकाच्या हूडला अनेकदा पुरेसं सक्शन मिळतच नाही. रिकाम्या फांद्या बंद केल्या तर चालू मशीनला उलट जास्त हवा मिळते. दोन्ही म्हणणी मोजून पाहता येण्यासारखी आहेत. मोजमाप मात्र क्वचित होतं.

दुसरं म्हणणं आगीचं आणि स्फोटाचं. वाळूजच्या संदर्भात ते हलकं घेता येत नाही, कारण इथे अ‍ॅल्युमिनियमची धूळ आहे. चीनमधल्या कुन्शान इथे २ ऑगस्ट २०१४ रोजी मोटारींच्या अ‍ॅल्युमिनियम चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि मृतांचा आकडा शेवटी १४६ वर गेला. धूळ गोळा करणारी यंत्रणा वेळच्या वेळी साफ केलेली नव्हती आणि साठलेली भुकटी ओलाव्याने तापत गेली, असं तिथल्या चौकशीत पुढे आलं. त्या कारखान्यात मागणीप्रमाणे हवा देण्याची व्यवस्था होती म्हणून ते झालं, असा त्याचा अर्थ नाही. पण डक्टमध्ये धूळ बसू देणं किती महाग पडू शकतं हे त्यातून कळतं. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या डक्टसाठी बरेच डिझायनर ‘वेग कधीच कमी करू नका’ असं सरळ सांगतात. दुसरे सांगतात की वेग मोजणारा सेन्सर आणि खालच्या मर्यादेचा अलार्म असेल तर मागणीप्रमाणे चालणारी व्यवस्था जुनीपेक्षा सुरक्षित ठरते, कारण जुन्या व्यवस्थेत डक्टमधला वेग कुणी पाहतच नाही.

औषधांच्या कारखान्यांचं कारण वेगळं आहे. तिथे खोल्याखोल्यांतला दाबाचा फरक राखून एका औषधाची भुकटी दुसऱ्यात जाऊ दिली जात नाही. सक्शन कमी-जास्त केलं की तो तोल हलतो आणि सगळ्या व्यवस्थेचं प्रमाणीकरण पुन्हा करावं लागतं. शिवाय तिथली हवा वातानुकूलित असते, त्यामुळे बाहेर फेकलेली प्रत्येक घनमीटर हवा दुहेरी खर्चाची. फायदा सगळ्यात मोठा तिथेच आहे आणि अडचणही तिथेच.

आधी हूड, मग ड्राइव्ह

तिसरा गट समर्थक आणि सावध यांच्या मधला, आणि माझा कल त्याच्याकडे आहे. हवा ‘कधी’ लागते याआधी ‘किती’ लागते ते बघा, असं त्यांचं म्हणणं. जे. एम. डॅलाव्हॅल यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिलं, की हूडपासून धुळीचं अंतर वाढेल तशी लागणारी हवा त्या अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढते. हूड एक फुटावरून अर्ध्या फुटावर आणलं आणि त्याचं तोंड फार मोठं नसेल, तर जवळजवळ चौथाई हवेत तेवढंच काम होतं. शॉपमध्ये मात्र जॉब चढवायला अडचण होते म्हणून हूड वाकवून मागे सारलेलं दिसतं, आणि मग सक्शन कमी पडतं म्हणून मोठा ब्लोअर मागवला जातो. फाटलेले फ्लेक्झिबल होज, उघडी राहिलेली साफसफाईची झाकणं, ढिले बेल्ट, ब्लोअरच्या तोंडाशीच घेतलेलं वळण, यात जाणारी वीज कंट्रोलर वाचवू शकत नाही.

छोट्या युनिटसाठी याच गटाचं आणखी एक सांगणं आहे. चार-पाच ग्राइंडर असतील तर मध्यवर्ती डक्टिंग करूच नये. प्रत्येक मशीनला स्वतंत्र छोटा कलेक्टर लावावा आणि तो मशीनच्या स्विचलाच जोडावा. मशीन सुरू की सक्शन सुरू. मागणीप्रमाणे हवा देण्याचा इतका सोपा प्रकार दुसरा नाही. पण पाच छोट्या फिल्टरची देखभाल एका मोठ्यापेक्षा कटकटीची असते, आणि छोट्या पंख्यांची कार्यक्षमताही कमी. कुठल्या आकड्यापर्यंत स्वतंत्र आणि कुठून पुढे मध्यवर्ती, याबद्दल प्रत्येक सल्लागार वेगळं सांगतो.

बिल आणि संमतीपत्र

परदेशातले बचतीचे आकडे इथे जसेच्या तसे उचलण्यात एक गफलत असते. युरोप किंवा उत्तर अमेरिकेत थंडीच्या महिन्यांत डस्ट कलेक्टर जी हवा बाहेर फेकतो तिची जागा घेणारी हवा तापवावी लागते. तिथल्या बचतीचा मोठा वाटा त्या तापवण्यातून येतो. मराठवाड्यात शेड तापवायची वेळच येत नाही. आपली बचत ब्लोअरच्या विजेपुरती, आणि वातानुकूलित विभाग असतील तर तेवढ्यापुरती आणखी. परताव्याचा काळ त्यामुळे माहितीपत्रकापेक्षा लांबतो.

महावितरणच्या बिलाचीही आपली वळणं आहेत. उच्चदाब ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या युनिटवर होतं. मागणी आकार ठरताना महिन्यातली कमाल मागणी पाहिली जाते, आणि मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वोच्च आकड्याचा काही हिस्साही त्यात धरला जातो. म्हणजे महिनाभर ब्लोअर हळू चालवून एक दिवस सगळं एकदम लावलं, तर युनिट वाचतात, मागणी आकार वाचत नाही. २०२५ च्या दरफेरानंतर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या सौर तासांत सवलत आणि त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत अधिभार आहे, त्यामुळे दुसऱ्या शिफ्टला वाचलेलं युनिट पहिल्या शिफ्टच्या युनिटपेक्षा महाग. परताव्याचा हिशोब शिफ्टवार मांडावा लागतो.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची मोठ्या कारखान्यांची योजना २०१२ पासून आहे. त्यात बहुतेक इंजिनीअरिंग युनिट बसत नाहीत. जुलै २०२५ मध्ये सुरू झालेल्या योजनेत ऊर्जाबचतीच्या कर्जावर सूक्ष्म व लघु उद्योगांना ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के व्याज सवलत आहे. त्यासाठी ऑडिट आणि नंतरची पडताळणी लागते, आणि निदान त्या निमित्ताने ब्लोअरवर मीटर बसतो.

मीटरवरूनच एक पेच उभा राहतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात साधारणपणे एक अट असते, की प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला किती वीज लागली हे दाखवणारा स्वतंत्र मीटर बसवावा. ही अट का आली हे उघड आहे: वीज वाचवण्यासाठी रात्री डस्ट कलेक्टर बंद ठेवणारे कारखाने पकडता यावेत. आता एखाद्याने प्रामाणिकपणे मागणीप्रमाणे चालणारी व्यवस्था बसवली, तर त्याच्या मीटरचं वाचन एकदम चाळीस टक्के खाली येईल. कागदावर तो आणि यंत्रणा बंद ठेवणारा सारखेच दिसतील. कारखानदार ही भीती बोलून दाखवतात, तर मीटरखेरीज नियंत्रणाचा दुसरा स्वस्त मार्ग नाही अशी नियंत्रकाची अडचण आहे. मशीनच्या चालू तासांची नोंद आणि दाबफरकाची नोंद मीटरच्या शेजारी ठेवली तर प्रश्न सुटू शकतो. पण तशी पद्धत ठरलेली नाही.

जे अजून ठरायचं आहे

पहिली गोष्ट ओलाव्याची. एप्रिलमध्ये ४० अंशांच्या कोरड्या हवेत जो वेग पुरतो तो ऑगस्टच्या दमट हवेत पुरेलच असं नाही. धूळ चिकट होते, फिल्टर लवकर भरतो. वेगाची खालची मर्यादा वर्षभर एकच ठेवावी की ऋतूप्रमाणे बदलावी, याचं उत्तर इथल्या डक्टमध्ये वर्षभर मोजल्याशिवाय मिळणार नाही.

दुसरी गोष्ट मोजणाऱ्यांची. एनर्जी ऑडिटर युनिट मोजतो, आरोग्यतपासणी करणारा कामगाराच्या कॉलरला पंप लावून धूळ मोजतो आणि मंडळाची प्रयोगशाळा चिमणीतली धूळ मोजते. तिघांचे अहवाल वेगवेगळ्या फायलींत जातात. ब्लोअरचा वेग कमी केल्याच्या आठवड्यातले तिन्ही आकडे एका कागदावर आले, तरच समर्थक आणि सावध गट यांच्यातला वाद पुढे सरकेल.

तिसरी गोष्ट नव्या कारखान्यांची. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक नगरीत अजून प्लॉटवर शेड उभी राहायची आहेत. चालू डक्टिंगमध्ये बदल करून मिळणारी बचत आणि पहिल्यापासून लहान मुख्य डक्ट बेतून मिळणारी बचत यांतलं अंतर वर दिसलंच: २७ विरुद्ध ४० टक्के. एकदा छताला टांगलेला डक्ट सहसा कुणी बदलत नाही. तो बेतताना एका वेळी किती मशीन चालतील हा आकडा लागतो. हा आकडा उत्पादन विभागाच्या शिफ्ट रिपोर्टमध्ये रोज लिहिला जातो, पण डक्टिंगच्या ठेकेदाराला दिल्या जाणाऱ्या चौकशीपत्रात तो नसतो. तिथे मशीनची यादी असते, आणि शेवटी ‘सर्व एकाच वेळी चालू’ असं लिहिलेलं असतं.